खीमसिंगचा खिसा

फार उंचावर, जिथे वर्षातले चार महिने बर्फाखेरीज दुसरं पीक येत नाही, तिथे देवदारांच्या रानाला चिकटून एक गाव होतं. गावात मेंढ्या उदंड, आणि मेंढ्या म्हटल्या की कुत्री आलीच. या कुत्र्यांना हिवाळाभर रानातून फिरवून आणण्याचं काम खीमसिंग नावाच्या माणसाकडे होतं. त्याला या कामाचा एवढा अभिमान होता, की राजाने सिंहासन देऊ केलं असतं तरी त्याने आधी विचारलं असतं, "पण मग कुत्री कोण फिरवणार?"

कुत्री फिरवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं तुम्हाआम्हाला वाटेल. त्या गावात तसं नव्हतं. उन्हाळ्यात ही कुत्री कुरणांवर मेंढ्या राखत आणि वेळ पडली तर बिबट्याच्या अंगावर जात. हिवाळ्यात मेंढ्या घरांच्या तळमजल्यात कोंडल्या जात आणि कुत्र्यांना काम उरत नसे. बिनकामाचं कुत्रं आणि बिनकामाचा जावई, दोघेही घराला जड होतात. कुत्री दोर तोडत, एकमेकांचे कान फाडत, आल्यागेल्यावर धावून जात.

म्हणून गावाच्या जुन्या माणसांनी त्यांना एक काम लावून दिलं होतं. गावातून वरच्या खिंडीपर्यंत एकच वाट होती. मीठ त्या वाटेने यायचं, सुईण त्या वाटेने यायची, वराती त्याच वाटेने जायच्या. बर्फ पडलं की ही वाट बुजायची. माणसाचं पाऊल अरुंद, ते बर्फात खोल रुततं. या कुत्र्यांचे पंजे मात्र चांगले पसरट. डझनभर कुत्री एकामागून एक खिंडीतल्या देवीच्या ठाण्यापर्यंत जाऊन त्याच पावली परत आली, की बर्फ दाबलं जाऊन फरशीसारखं घट्ट होई. खिंडीपलीकडची उतरण पलीकडच्या गावाची कुत्री मळत. अशी रोज सकाळी वाट मळली जाई, म्हणून दोन्ही गावं हिवाळाभर एकमेकांना धरून राहत.

या कामाच्या काही रीती होत्या. जाताना माणसाने पुढे चालायचं. त्याच्या हातात घुंगरू बांधलेली उंच काठी असे, तिला 'पुढची काठी' म्हणत, आणि ती ज्याच्या हातात त्याला गावात मान असे. येताना मात्र कुत्री पुढे. कारण वर नवं बर्फ साचून वाट डोळ्यांना दिसेनाशी झाली, तरी खालचा घट्ट थर कुत्र्याच्या पायाला बरोबर लागतो. आणखी एक रीत होती. चालत्या कुत्र्याला घास घालायचा नाही. जो घालील त्याने पुढची काठी खाली ठेवायची. असं का, ते कोणी विचारत नसे. खीमसिंगलाही त्याचं कारण ठाऊक नव्हतं, पण सांगताना तो ही रीत अशी काही ठणकावून सांगे की जणू त्यानेच ती काढली होती.

खीमसिंगचं स्वतःचं एक कुत्रं होतं, झबऱ्या. काळं, केसाळ, अस्वलासारखं. जाताना झबऱ्या खीमसिंगच्या गुडघ्याशी चाले आणि बाकीची कुत्री त्याच्या मागे. खीमसिंग ताठ मानेने पुढे बघत चाले. मागे वळून बघणं त्याला कमीपणाचं वाटे. मागे बघायचं ते ज्याच्या मागून कोणी येत नाही त्याने, असं त्याचं म्हणणं.

एका वर्षी गावात कुत्री वाढून वीसेक झाली. गावचा मुखिया म्हणाला, "खीमसिंग, एवढी मोठी रांग. मागे कोणीतरी माणूस हवं. बिशनीला घेऊन जात जा."

बिशनी ही पलीकडच्या गावातून लग्न होऊन आलेली. नवरा हिवाळ्यात लोकर विकायला खालच्या मुलखात गेलेला, घरात ती आणि सासू. बुटकी, कमी बोलणारी बाई. त्या मुलखात थोरल्या भावाला दाज्यू म्हणतात, तशी ती खीमसिंगला दाज्यू म्हणे. खीमसिंगने नाक मुरडलं, पण मुखियासमोर बोलणार काय? तो म्हणाला, "येऊ दे. शेवटचं कुत्रं जिथे, तिथे तिने चालायचं."

आणि बिशनी रांगेच्या शेवटी चालू लागली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एकदा चढणीवर खीमसिंगने सवयीने हात खाली नेला. झबऱ्याच्या डोक्यावर थोपटायची ती जागा. हाताला वारा लागला. झबऱ्या तिथे नव्हताच. खीमसिंगने नाइलाजाने मान वळवली. झबऱ्या पार मागे राहिला होता, बिशनी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती आणि झबऱ्या तिचा हात चाटत होता.

त्या दिवशी खीमसिंग घरी आला. बायकोने, कुशलाने, भाकरी वाढली. ती त्याने नुसती कुस्करली.

"काय झालं?" कुशलाने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्याचं तोंड एवढं लांब नसतं."

"झबऱ्या आज तिच्यामागे गेला," खीमसिंग म्हणाला.

कुशला हसली. "अगबाई! सवतीवरून जळणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. कुत्र्यावरून जळणारा पुरुष आज पाहिला."

खीमसिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण ते खरं होतं. तो जळतच होता. त्याने झबऱ्याला पिल्लू असताना आपल्या अंगरख्यात घालून वाढवलं होतं. आणि ही काल आलेली बाई, हातात काठी नाही, तोंडात दटावणी नाही, हिच्याकडे ते कुत्रं शेपूट हलवत जातं म्हणजे काय?

मत्सर एकदा घरात शिरला की तो उंदरासारखा असतो, रोज काहीतरी नवं कुरतडतो. खीमसिंग आता मागे वळून बघू लागला. पूर्वी कधी बघत नव्हता, आता दहा पावलांवर बघे. आणि जे बघे, त्याने आणखी जळे. आज तांबडं कुत्रं तिच्याजवळ थांबलं. आज मुखियाची कुत्री तिच्या मांडीवर पाय ठेवून बसली. आज तर पैलवानासारखं दांडगं पांढरं कुत्रं, जे कोणाला अंगाला हात लावू देत नसे, तेही तिच्यापुढे डोळे मिटून उभं. दर वेळी बिशनी वाकलेली, तिची पाठ खीमसिंगकडे, आणि कुत्र्याची जीभ तिच्या हातावर.

हातावर जीभ. खीमसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे त्याला तसं वाटलं. 'घास घालते! चोरून घास घालते ही!'

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. खीमसिंग चार पावलं मागे गेला असता, बिशनीच्या खांद्यावरून डोकावला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण जळणाऱ्या माणसाला जवळ जाऊन बघायचं नसतं. त्याला लांबून खात्री करून घ्यायची असते.

बरं, रीत मोडते म्हणून मुखियाकडे तरी जावं. तेही त्याने केलं नाही. मुखियाने बिशनीला काढलं असतं, पण कुत्र्यांच्या मनातून तिला कोणी काढलं असतं? खीमसिंगला नुसती काठी नको होती. त्याला त्या वीस जोडी डोळ्यांनी आपल्याकडेच बघायला हवं होतं. तो मनाशी म्हणाला, 'ती घालते ना? मग मी का नको? ती भाकरीचे तुकडे घालत असेल. मी मटण घालीन.'

घरात हिवाळ्यासाठी वाळवून ठेवलेल्या मटणाच्या पट्ट्या होत्या. त्यातल्या मूठभर त्याने अंगरख्याच्या आतल्या खिशात भरल्या. दुसऱ्या दिवशी चढणीवर, बिशनीला दिसणार नाही अशा वळणावर, त्याने एक तुकडा झबऱ्याच्या तोंडात सोडला. झबऱ्याने तो मटकावला आणि वर बघितलं. काय ते बघणं! खीमसिंगचा जीव सुपाएवढा झाला.

चार दिवसांत सगळ्या कुत्र्यांना खिसा कळला. कुत्र्याच्या नाकापासून मटण लपवणं म्हणजे भरलेल्या ताटापासून मांजर लांब ठेवणं. आता जाताना वीसेक कुत्री खीमसिंगला लगटून चालू लागली. वळणावर त्याचा हात खिशाकडे गेला की सगळ्यांच्या माना एकदम वर. आणि येतानाही तसंच. येताना पुढे पळायचं ते विसरून कुत्री त्याच्या मागे, त्याच्या बाजूला, त्याच्या पायात. हवा स्वच्छ होती, वाट डोळ्यांना दिसत होती, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. बिशनी मागे एकटी चाले. कोणी कुत्रं लंगडत थांबलंच, तरी खिशाच्या वासाने पुन्हा उठून पळे.

एक दिवस ती म्हणाली, "दाज्यू, येताना कुत्री हल्ली पुढे होत नाहीत."

चोराच्या मनात चांदणं. खीमसिंगला वाटलं, हिला कळलं. मग लगेच वाटलं, कळलं तर कळू दे, हिच्या पोटात दुखतंय. आणि दुसऱ्याच्या पोटात दुखतंय या विचाराने त्याचं स्वतःचं दुखणं थोडं कमी झालं. तो म्हणाला, "कुत्र्यांना कोणाबरोबर चालायचं ते कुत्री ठरवतात, बिशनी."

त्याच संध्याकाळी तो मुखियाकडे गेला. "मुखियाजी, मागच्या माणसाची आता गरज नाही. कुत्री माझ्या शब्दात आहेत. बघायचं तर या." मुखिया चौकात आला. खीमसिंगने नुसता हात छातीशी नेला, तशी सगळ्या गल्ल्यांतून कुत्री धावत आली आणि त्याच्याभोवती गोल करून बसली. मुखियाने तोंडात बोट घातलं. "कमाल आहे तुझी! ठीक आहे. उद्यापासून बिशनीने घरी राहावं."

खीमसिंग स्वतःच निरोप घेऊन गेला तेव्हा बिशनी दारातच उभी होती. तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "दाज्यू, कुत्र्यांचे पंजे बघत जा. यंदाचं बर्फ ओलसर आहे."

"पंजे म्हणे!" खीमसिंग घरी येऊन कुशलाला म्हणाला. "लांडग्याच्या जातीची कुत्री, त्यांना बर्फ काय नवं? जाता जाता मलाच शहाणपण शिकवते."

पुढे काही दिवसांनी वारा सुटला. उत्तरेकडचा, खिंडीतून खाली घुसणारा वारा. असा वारा आला की देवदारांच्या फांद्यांवरचं बर्फ उडून सगळं रान धुरकट होई, आणि मळलेली वाट बघता बघता बुजे. सकाळी कुशला दारात आडवी उभी राहिली. "अहो, आज नका जाऊ. आणि जायचंच असेल तर बिशनीला हाक मारा."

तिने दुसरं वाक्य बोलायला नको होतं. खीमसिंग कदाचित पहिल्यावर थांबलाही असता. पण बिशनीचं नाव ऐकताच त्याने काठी उचलली. बाहेर पडून बघतो तर बिशनी आपल्या ओसरीवर उभी, आभाळाकडे बघत. आज आपण घरी बसलो तर गाव म्हणणार, बिशनीवाचून याचं चालत नाही. त्याने आणखी एक मूठ मटण खिशात कोंबलं आणि घुंगरू जरा जास्तच जोरात वाजवत तो तिच्या दारावरून गेला.

चढताना फारसं जाणवलं नाही. रान दाट होतं, बुंधे वारा अडवत होते, फक्त शेंडे घोंघावत होते. कुत्री लगटून होती. खीमसिंग दर वळणाला तुकडे वाटत होता आणि मनातल्या मनात बिशनीला म्हणत होता, 'बघ, बघ.' खिंडीतल्या ठाण्याशी पोचल्यावर मात्र वाऱ्याने त्याला असा धक्का दिला की तो देवीच्या दगडाला धरून उभा राहिला. त्याने घाईने हात जोडले आणि वळला.

वाट नव्हती. आत्ता ज्या वाटेने वीस कुत्री आली, ती वाट नव्हती. सगळीकडे सारखंच पांढरं, आणि त्या पांढऱ्यावरून पांढरी धूळ वाहत होती. खीमसिंग घाबरला नाही. यासाठीच तर रीत होती. तो ओरडला, "झबऱ्या, घर!"

झबऱ्या बसला.

"घर! चला, घर!"

सगळी कुत्री बसली. वीस जोडी डोळे त्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, जिथे खिसा होता. त्याला जे हवं होतं ते सगळं त्याच्यासमोर बसलं होतं. सगळी त्याच्याकडेच बघत होती. वाटेकडे एकही बघत नव्हतं.

त्याने काठी आपटली. कुत्री कान पाडून पुन्हा बसली. त्याने झबऱ्याला एक तुकडा दिला, वाटलं, हा खाऊन तरी निघेल. झबऱ्याने खाल्लं आणि पुन्हा वर बघितलं. मग खीमसिंग स्वतःच पुढे झाला, आठवेल तसा. थोडं अंतर गेला आणि कमरेपर्यंत बर्फात गेला. वाट सुटली होती. झबऱ्याच्या मानेला मिठी मारून तो कसाबसा वर आला. आता मात्र तो घाबरला. त्याने खिसा उलटा केला आणि सगळं मटण वाऱ्यावर भिरकावून दिलं. "घ्या! खा! आणि जा एकदाचे!"

कुत्री चहूकडे उधळली. मऊ बर्फात गळ्यापर्यंत बुडत, एकमेकांवर गुरगुरत त्यांनी ते तुकडे शोधून खाल्ले. आणि परत आली. त्याच्याच भोवती. फक्त आता ती बसली नाहीत, आडवी झाली, आणि आपलेच पंजे दातांनी ओढू लागली. काही विव्हळत होती. पांढऱ्या कुत्र्याच्या पावलांखाली बर्फ लाल झालं होतं.

एका मोठ्या देवदाराच्या आडोशाला खीमसिंग मटकन बसला. कुत्र्यांना वाट न शोधायला त्यानेच शिकवलं होतं. घास ज्याच्याकडून येतो, त्यानेच पुढचंही बघावं, असं कुत्र्यांना वाटलं तर चुकलं कुठे? रीत घालणाऱ्या जुन्या माणसांना हे माहीत असणार. त्याने फक्त त्यांची रीत पाठ केली होती.

तेवढ्यात झबऱ्या तीन पायांवर उड्या घेत त्याच्याजवळ आला आणि चौथा पाय त्याच्या गुडघ्यावर ठेवून उभा राहिला.

खीमसिंगने तो पंजा हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घेतला. बोटांच्या मधल्या केसांत आवळ्याएवढा बर्फाचा गोळा घट्ट बसला होता आणि चालताना दोन्हीकडची कातडी सोलून काढत होता. त्याने लोकरी हातमोजा काढला, फुंकर घातली, नखांनी खरवडलं, शेवटी दातांनी धरून तो गोळा ओढला. बर्फ निघालं. झबऱ्याने पाय टेकला, पुन्हा टेकून बघितला, आणि खीमसिंगचा हात चाटू लागला.

हातावर जीभ. हातात काही नव्हतं.

खीमसिंगला बिशनीची वाकलेली पाठ दिसली. महिनाभर पाहिलेली ती पाठ. ती काय करत होती ते आता समजलं, आणि वाऱ्याने लागत नव्हतं एवढं ते लागलं. तिने काही घातलं नव्हतं. ती फक्त दुखणं काढत होती. आणि घास घालणारा चोर, तो आपणच होतो.

पण रडत बसायला वेळ नव्हता. त्याने एकेक कुत्रं जवळ ओढलं आणि एकेक पंजा मोकळा केला. काही गुरगुरली, पांढऱ्याने तर दात लावले. त्याने हात मागे घेतला नाही. बोटं बधिर झाली की ती झबऱ्याच्या मानेखालच्या केसांत खुपसायची आणि पुन्हा लागायचं. सगळी झाल्यावर त्याने अंगरख्याचा तो खिसा, अजून मटणाचा वास मारणारा, शिवणीतून टरकावला आणि झाडाच्या मुळाशी खोल पुरला. मग उघडा हात झबऱ्याच्या नाकासमोर धरला.

"काही नाही, बाबा," तो हळू म्हणाला. "आता खरंच काही नाही. घर चल."

झबऱ्याने हात हुंगला. छाती हुंगली. बराच वेळ तो तसाच उभा राहिला आणि खीमसिंगचा जीव टांगणीला लागला. मग झबऱ्याने तोंड फिरवलं, नाक खाली घातलं, पुढचा पाय डावीकडे टेकला, काढला, उजवीकडे टेकला, आणि चालू लागला. त्याच्यामागे तांबडं, त्याच्यामागे पांढरं. सगळ्यांच्या शेवटी, कुत्र्यांनी दाबलेल्या बर्फात पाय टाकत, खीमसिंग.

रानाच्या कडेला गाव गोळा होऊन वर येत होतं. लोकांच्या हातात दोर होते. सगळ्यांच्या पुढे बिशनी, गुडघाभर बर्फातून पाय ओढत. कुत्र्यांनी तिला बघितलं आणि सगळी तिच्याकडे धावली. झबऱ्यासुद्धा.

आणि खरं सांगायचं तर, एवढं होऊनही खीमसिंगच्या पोटात कळ उठली. तीच जुनी कळ.

मुखिया पुढे आला आणि त्याने खीमसिंगला मिठीच मारली. "शाबास! असल्या वाऱ्यात एकही कुत्रं न गमावता आलास! तू म्हणालास ते खरं, तुला कोणाची गरज नाही. आज मी सगळ्यांसमोर सांगतो, पुढची काठी तुझी, आणि तुझ्यानंतर तुझ्या मुलाची."

लोकांनी माना डोलावल्या. बिशनीने ऐकलं. ती तांबड्या कुत्र्याचा पाय हातात घेऊन बघत होती.

खीमसिंगला आयुष्यात जे हवं होतं, ते त्याच्या ओंजळीत येऊन पडलं होतं. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. खिसा रानात पुरलेला, आणि कुत्री काही बोलणार नव्हती.

"मुखियाजी," तो म्हणाला, "काठी मला नको. मी चालत्या कुत्र्यांना घास घातला आहे. रोज घातला आहे. आज त्यांना वाट सुचेना, ते त्यामुळेच."

मुखियाने विचारलं, "तू? रीत सांगणारा तू? का?"

"हिचा मत्सर वाटला म्हणून." खीमसिंगने बिशनीकडे बोट केलं नाही, नुसती मान झुकवली. "कुत्री हिच्याकडे जातात हे मला बघवेना. वाटलं, ही चोरून घास घालते. ही त्यांच्या पायातलं बर्फ काढत होती."

"रीत ती रीत, खीमसिंग," मुखिया जड आवाजात म्हणाला.

"म्हणूनच सांगितलं." खीमसिंग पुढे गेला आणि त्याने घुंगराची काठी बिशनीच्या हातात दिली.

बिशनीने काठी घेतली. मग म्हणाली, "दाज्यू, एक सांगू? पाय दुखला की झबऱ्या आधी तुमच्याकडेच बघायचा. कितीतरी वेळ बघत उभा राहायचा. तुम्ही वळत नव्हता, म्हणून मग माझ्याकडे यायचा."

एवढ्या वाऱ्यात कोरडे राहिलेले खीमसिंगचे डोळे आता भरून आले, आणि सगळ्या गावादेखत तो बर्फात बसून रडला.

कुत्र्यांची खोड मोडायला उरलेला हिवाळा गेला. रोज सकाळी बिशनी काठी घेऊन पुढे चाले आणि शेवटच्या कुत्र्यामागे खीमसिंग. गावातले काही लोक हसले, मग हसून हसून कंटाळले. झबऱ्या कधी पुढे बिशनीच्या पायाशी जाई, आणि ते बघून खीमसिंगच्या पोटात अजूनही दुखे. मत्सर हा चिवट पाहुणा आहे, एकदा सांगून तो उठत नाही. पण आता दुखलं की खीमसिंग हातमोजा काढी, जवळचं कुत्रं थांबवी आणि त्याचा पंजा उचलून बघे.

तात्पर्य: दुसऱ्याला मिळालेली माया पाहून जो जळतो, त्याला त्या माणसाच्या हातात लाचच दिसते, केलेली सेवा दिसत नाही. माया विकत घेता येत नाही. ज्याचं दुखतं त्याच्याकडे वळून बघावं, ती आपोआप येते.